माणशी दीडशे ग्रॅम

आमच्या सोसायटीचे सचिव कचऱ्याला हात लावायच्या आधी हात धुवायचे. नंतर धुणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आधी धुणारा हा एकच. हाताच्या घामाचंही वजन येतं, असं त्यांनी मला कचरा तोलायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. मला वाटलं गंमत करतायत, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. त्यांच्या शेजारी चार वर्षं काढली, तेवढ्यात ते गंमत करताना मला एकदाही दिसले नाहीत.

ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही म्हणायचे. उंच, वाळके, पांढरा सदरा, आणि दुसरे लोक पेन लावतात त्या खिशात ताणकाटा. भाजीवाल्याची गाडी आली की साहेब खाली उतरायचे, त्याचा काटा रिकामा करून बघायचे, बोटानं टिचकी मारायचे आणि मग आपल्या ताणकाट्याला मेथीची जुडी लटकवायचे. जुडीचं वजन करून मिळवायचं काय असतं हे भाजीवाल्यालाही कळत नसे आणि मेथीलाही. महिन्याभरात भाजीच्या गाड्या आमच्या गल्लीत यायच्या बंद झाल्या. शहराच्या टोकाला असलेल्या आमच्या सातारा परिसरातल्या त्या उन्हात मी दोन गल्ल्या ओलांडून कोथिंबीर आणायचे, ती या माणसाच्या प्रामाणिकपणामुळं.

प्रामाणिक मात्र ते खरंच होते. नोकरीत असताना त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही म्हणतात. शहागंजच्या बाजारात एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, तर चार दुकानदार उठून उभे राहिले. दोघं आदरानं आणि दोघं काटा झाकायला. देवघरात बाळकृष्णाशेजारी त्यांनी एक पितळी किलो ठेवला होता, सरकारी शिक्क्याचा. रोज दोघांनाही हळदकुंकू असायचं.

‘अंदाजे’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. लग्नाला किती वर्षं झाली, असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी अंदाजे बारा म्हटलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी घरी जाऊन पत्रिका काढली. अकरा निघाली. त्यांच्या घरात मीठही तोलून पडायचं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांच्यासमोर तोलून टाकायच्या आणि साहेब आंघोळीला गेले की हातानं आणखी थोडं टाकायच्या. त्या घरचं वरण चवीला बरं लागायचं ते त्या आंघोळीमुळं.

असा माणूस एका साध्या सोसायटीचा सचिव झाला, तर फार तर भाजी महाग पडते. पण त्याच्या हातात नियम आला की काय होतं, ते सांगायचं आहे.

त्याआधी सोजरबाई. आमच्या इमारतीच्या मागं एक मोकळा प्लॉट होता आणि त्यावर पत्र्याची एक खोली. मालकानं प्लॉटवर कुणी बसू नये म्हणून सोजरबाईला बसवलं होतं. ती पिशोरकडची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. नवरा होता तेव्हा मोठा कळप होता म्हणायची. आता तीन शेळ्या आणि एक बोकड. पूर्वी शेळ्या आजूबाजूच्या प्लॉटांवर चरायच्या. मग एकेका प्लॉटवर आमच्यासारख्यांचे फ्लॅट उभे राहिले आणि चरायला फक्त सिमेंट उरलं. तेव्हापासून ती रोज सकाळी सातला बादली घेऊन आमच्या जिन्यात यायची. अठरा घरांतली सालपटं, देठं, काल उरलेल्या पोळ्या बादलीत पडायच्या आणि शेळ्यांपुढं जायच्या. बोकड दर वर्षी बकरी ईदच्या आधी विकायचा. त्या एका बोकडावर तिचं वर्षाचं औषधपाणी, पत्र्याची डागडुजी आणि लेकीकडं एकदा जाणं भागायचं. मुलगा वाळूजला कंत्राटावर होता आणि आईची आठवण त्याला कंत्राट सुटल्यावरच यायची.

ओला कचरा हा शब्द तोवर आमच्या इमारतीत कुणी वापरला नव्हता. आमच्याकडं शिळं होतं, उष्टं होतं आणि खरकटं होतं. शिळं सोजरबाईला, उष्टं तिच्या शेळ्यांना, आणि खरकट्याचं पाणी तुळस सोडून बाकी झाडांना. त्यात बरं-वाईट काय असेल ते असो, पण कचरा असा काही उरत नव्हता.

मग महापालिकेचा एक कागद आला. ओला आणि सुका कचरा वेगळा करावा, तो घंटागाडीतच द्यावा, अन्यथा सोसायटीला दंड होईल. बस, एवढंच. साहेबांनी त्या एका वाक्याला अकरा पोटनियम जोडले. त्यासाठी सभा बोलावली. मी टँकर कधी येणार हे विचारायला गेले होते. सभेत दुसरी बाई नव्हती म्हणून महिला प्रतिनिधी होऊन परत आले.

पोटनियम तीन : ओला कचरा रोज माणशी दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असल्यास पन्नास रुपये. हा आकडा कुठून आला असं मी विचारलं. त्यांनी पंधरा दिवस स्वतःच्या घरचा कचरा तोलून सरासरी काढली होती. म्हणजे साहेब आणि काकू जेवढं सोलतात तेवढंच सगळ्यांनी सोलायचं. पोटनियम पाच : बादली धुऊन आणावी, कारण तळाला चिकटलेल्याचं वजन येतं. आमची सोसायटी टँकरवर जगत होती. आम्ही विकतच्या पाण्यानं कचऱ्याची बादली धुऊ लागलो. आणि पोटनियम सात : घंटागाडीखेरीज कुणालाही ओला कचरा देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई बादली घेऊन आली तेव्हा साहेब फाटकात उभे होते. त्यांनी तिला आत येऊ दिलं नाही. आवाज चढवला नाही, वाईट बोलले नाहीत. फक्त ती अनधिकृत संकलक आहे, असं तिला सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

“ताई, सायेब काय म्हणले?”

“तुझ्याकडं कागद नाही म्हणतात.”

“कागद माह्या शेळ्यायकडं बी नाय,” ती म्हणाली. मग साहेबांकडं वळून म्हणाली, “सायेब, ईदेला अडीच म्हैने राह्यले. बोकड आत्ताच भरायचा असतो. आत्ता पोटात गेलं नाय तर त्याला कोण घेईन?”

साहेब म्हणाले, “बाई, नियम मी केलेला नाही.” ते खरं होतं. त्यांनी फक्त पोटनियम केले होते. मी महिला प्रतिनिधी, मी तिथं उभी होते आणि मी काही बोलले नाही. सोजरबाई रिकामी बादली घेऊन गेली.

आता मी काही अगदीच दगड नाही. तीन-चार दिवस मी सालपटं पिशवीत घालून मागच्या भिंतीवरून प्लॉटवर टाकली. चौथ्या दिवशी साहेबांनी माझी बादली ताणकाट्याला लावली आणि विचार करत उभे राहिले. परवा तुम्ही भोपळा आणला होता, ते म्हणाले, त्याची साल यात दिसत नाही. मी म्हटलं, सालीची चटणी केली. त्यांनी वहीत ‘चटणी (?)’ असं लिहिलं. ते प्रश्नचिन्ह बघून मी भिंतीवरून टाकणं बंद केलं. पन्नास रुपयांच्या दंडाला मी घाबरले, हे आज लिहितानाही मला आवडत नाही.

पण दीडशे ग्रॅम कुणाला पुरणार? टरबुजाचे दिवस. एका टरबुजात चार माणसांचे तीन दिवस संपायचे. त्यावर उपाय मीच काढला, आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे. मी विचार केला, ओल्याला वजन आहे, सुक्याला मर्यादा नाही. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर काहीही दुपारपर्यंत कडकडीत होतं. तर उरलेला भात, पोळ्या, टरबुजाच्या साली मी गच्चीवर जुन्या साडीवर पसरल्या आणि संध्याकाळी सुक्या कचऱ्यात दिल्या. चार दिवसांत सगळ्या इमारतीनं तेच केलं. एका बाजूला कुरडया, एका बाजूला पापड, आणि मधे अठरा घरांचा कचरा. ओल्या कचऱ्याचा आकडा शून्यावर आला. साहेब खूश. त्यांनी फलकावर आमचं अभिनंदन लिहिलं.

त्यातच वरच्या मजल्यावरच्या जाधववहिनींच्या सासूबाई पैठणहून आल्या. कामसू बाई, रिकामं बसवत नाही. संध्याकाळी गच्चीवर गेल्या आणि ‘वाळवण कुणीच कसं गोळा करीना’ म्हणत त्यांनी भाताचं वाळवण डब्यात भरलं. रविवारी त्यांच्याकडं सत्यनारायण होता. तळलेले सांडगे आले, फुललेले, हलके. साहेबांनी दोनदा मागून घेतले. एवढंच नाही, सासूबाईंना कृती विचारली. त्या म्हणाल्या, मी नाय केले बाबा, गच्चीवर व्हते. मी आणि जाधववहिनी एकमेकींकडं बघायचं टाळत प्रसाद खात बसलो. तो भात माझा होता, मंगळवारचा.

साहेबांना कळलंच. सोमवारी सुक्या कचऱ्याचं पिंप उघडलं तर आत पोळ्या. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते विचारात पडले. तीन दिवस ते प्रत्येकाला थांबवून विचारत होते की वाळलेली भाकरी ओली की सुकी. मी काय म्हणणार? मी सुकी म्हटलं. मग त्यांनी नवा पोटनियम चिकटवला : ओला कचरा म्हणजे जो कधीतरी ओला होता तो. खालच्या मजल्यावरच्या एका मुख्याध्यापकांनी लेखी शंका काढली की वर्तमानपत्राचा कागद कधीकाळी झाड होता, त्याचं काय. साहेबांनी लेखी उत्तर दिलं. चार पानांचं. आणि गच्चीला कुलूप लागलं.

या सगळ्या दिवसांत मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोजरबाईचा बोकड दिसायचा. आधी तो गुटगुटीत होता, अंगावर चमक होती. मग त्याच्या पाठीचं हाड दिसायला लागलं. सोजरबाई लांबवर जाऊन बाभळीचा पाला आणायची, पण म्हातारी बाई किती आणणार? दुपारी शेळ्या भिंतीला तोंड लावून उभ्या राहायच्या, आमच्या खिडक्यांकडं बघत. फोडणीचा वास त्यांनाही येत असणार.

मे महिन्यात खताचं पिंप आलं. कुठल्याशा कंपनीचा एक तरुण विक्रेता आला होता. त्यानं सांगितलं की हे यंत्र घेतलं की सोसायटीचा ओला कचरा सोसायटीतच जिरतो आणि खत मिळतं. साहेबांचे डोळे लकाकले, कारण त्या यंत्राला चार आकडे दाखवणारा एक छोटा पडदा होता. प्रत्येक घरानं वर्गणी काढली, वर दर महिन्याला विजेचा वाटा. निळं पिंप, आत फिरणारं पातं, रात्रंदिवस घर्रघर्र. पण त्याची एक अट होती : रोज अमुक इतका ओला कचरा पोटात गेलाच पाहिजे, नाहीतर ते बंद पडायचं. आणि आम्ही तर आता कचरा न करायला शिकलो होतो. तेव्हा साहेबांनी पोटनियम तीन उलटा केला. माणशी दीडशे ग्रॅमपेक्षा कमी असल्यास पन्नास रुपये.

तेव्हा मग काय सांगू. जाधववहिनी बटाटे जाड सोलायला लागल्या. मी मंडईतून कोबीची बाहेरची पानं पिशवीभर आणायला लागले. कोबी नको, पानं द्या म्हटल्यावर भाजीवाल्यानं मला शेळ्या किती आहेत विचारलं. आमचे हे वाळूजला कंपनीत होते. ते उपाहारगृहातली कांद्याची टरफलं जेवणाच्या डब्यात भरून शिफ्टच्या बसमधून आणायचे. बसमधला एकही माणूस त्यांच्या शेजारी बसायचा नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाचा कचरा आम्ही पैसे आणि अब्रू खर्च करून घरी आणत होतो, आणि भिंतीपलीकडं चार जनावरं उपाशी होती. हे मी एकदा साहेबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, भावना बरोबर आहे, पण शेळीला नोंदणी क्रमांक नाही.

ईदेच्या आधी आठ दिवस व्यापारी आला. जिवंत वजनावर बोकड घेणार होता. प्लॉटवर त्यानं तीन बांबूंचं तिकाटणं उभं केलं, काटा लटकवला, बोकडाला झोळीत घातलं. मी खिडकीत होते. एवढ्यात साहेब भराभर जिना उतरताना दिसले, पायजमा-बनियनवर, हातात देवघरातला पितळी किलो. मीही खाली गेले.

“पहले खाली काटा दिखाओ, भाई,” साहेब म्हणाले.

“साहब, आप इसमें काहेको पड़ रे?”

“तौल का मामला है. मैं नहीं पड़ूँगा तो कौन पड़ेगा?”

त्यांनी झोळी उतरवायला लावली आणि आपला किलो लटकवला. काट्यानं नऊशे दाखवले. व्यापारी हसायला लागला, मग चिडला, मग गप्प झाला. साहेबांनी त्याच्यासमोर काट्याचा पेच फिरवून तो बरोबर केला आणि बोकड पुन्हा तोलायला लावला. बोकड आधीपेक्षा दोन किलोंहून जास्त भरला. सोजरबाईनं हात जोडले. मला म्हणाली, सायेब देवमाणूस हाय. मागच्या वर्षीचा तिचा बोकड याच्या दीडपट होता. व्यापाऱ्यानं चोरलेले दोन किलो साहेबांनी तिला परत मिळवून दिले. जे त्यांनी स्वतः नेले होते ते कुठल्याच काट्यावर दिसत नव्हते, म्हणून त्यांच्या लेखी ते नव्हतेच. आठवडाभर ते खुशीत होते. गरीब बाईवर आपण अन्याय होऊ दिला नाही, असं त्यांनी मला तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ते मनापासून बोलत होते. त्या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग आला असेल तर तो तेव्हा.

तेवढ्या पैशांत तिचं वर्ष निघणार नव्हतं आणि चारा विकत घेणं परवडणार नव्हतं. पावसाळ्यात तिनं तिन्ही शेळ्या विकल्या.

इकडं पिंप नासलं. आत खत व्हायच्या ऐवजी काळा चिखल झाला आणि दुर्गंधीनं लोक जिन्यात नाकाला पदर लावून चालू लागले. कंपनीचा कारागीर आला, झाकण उघडून त्यानं आत वाकून पाहिलं आणि सांगितलं की यंत्र ठीक आहे, पण आत जीव नाही. खत नुसत्या सालीचं होत नाही, त्याला विरजण लागतं. पोतंभर शेळीच्या लेंड्या घाला, पंधरा दिवसांत वास जाईल.

साहेबांनी नवं कोरं पोतं घेतलं, महिला प्रतिनिधी म्हणून मला बरोबर घेतलं, आणि आम्ही भिंतीला वळसा घालून प्लॉटवर गेलो. सोजरबाई दारात तांदूळ निवडत होती. साहेबांनी अगदी अदबीनं मागणी सांगितली. रीतसर पावती देऊ म्हणाले.

“शेळ्या कुठं राह्यल्या सायेब,” ती म्हणाली. “दावी तेवढी हायेत.”

साहेबांना हे माहीतच नव्हतं. ते चपापले. मग तिनंच विचारलं, “त्या पिंपाला तुमी काय खाऊ घालता?”

“भाज्यांची सालं. शिळ्या पोळ्या, भात,” साहेब म्हणाले. खोटं त्यांना बोलता यायचं नाही.

“तेच माह्या शेळ्या खायच्या. सकाळच्याला पाटीभर लेंड्या टाकायच्या. त्यायला ईज लागत नव्हती, सायेब.”

साहेबांनी पोत्याची घडी घातली. घडीची टोकं जुळेनात म्हणून ती उलगडून पुन्हा घातली. मी जमिनीकडं बघत होते. येताना ते पोतं काखेत धरून माझ्यापुढं खाली मान घालून चालत होते, आणि मला वाटलं, आता काहीतरी होईल. पोटनियम सात तरी निघेल. आठ दिवसांनी फलकावर सूचना लागली : लेंडीखत बाहेरून मागवण्यात येत आहे, प्रत्येक सदनिकेनं वर्गणी द्यावी.

आम्ही ती सोसायटी सोडायच्या आधीचे शेवटचे काही महिने सोजरबाई आमच्याच इमारतीत कामाला होती. सहा घरची भांडी घासायची आणि सगळ्यांचा ओला कचरा खाली नेऊन पिंपात टाकायची. आता ती अधिकृत होती. साहेबांनी तिला फोटोचं ओळखपत्र करून दिलं होतं. तिच्याइतकं चोख वर्गीकरण कुणाचंच नाही, असं ते सभेत म्हणाले.

लेंड्यांची पोती टेंपोतून आली त्या दिवशी मी खालीच होते. साहेब एकेक पोतं काट्याला लावत होते. सोजरबाईनं एका पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर लेंड्या तळहातावर घेतल्या, अंगठ्यानं चुरून पाहिल्या, वास घेतला.

“ताई,” ती मला म्हणाली, “ह्या शेळ्यायला पोटभर खायला हाये.”

मग तिनं पोतं उचललं आणि पिंपात रिकामं केलं.